मूल शेजाऱ्यांना ‘चिंकी’ म्हणायला लागलंय, काय करावं?

पुणेरी_आई: वरच्या मजल्यावर मणिपूरचं कुटुंब आलंय, त्यांच्या मुलाचं नाव थोइबा. घरात सगळे त्यांना ‘चिंकी’ म्हणतात, आता सहा वर्षांचा मुलगाही. सासूबाईंचा मान राखून हे थांबवायचं कसं?

बालवाडीताई: ‘शूऽऽ, असं बोलू नये’ एवढ्यावर सोडू नका. त्यातून मूल शिकतं ते इतकंच, की मोठ्यानं बोलायचं नाही. तिथल्या तिथे दोन वाक्यं पुरतात: ‘त्याचं नाव थोइबा. चिंकी म्हणणं म्हणजे चिडवणं.’ लांबण लावलीत तर पोरगं उठून पळेल.

सासूबाईंशी वाद मुलासमोर नको, पण दुरुस्ती त्याच्यासमोरच हवी: ‘आई, आपण त्याला थोइबाच म्हणू या.’ नाहीतर त्याच्या लेखी आजीचंच खरं. बाकीचं एकटं असताना बोला. ‘गंमत असते गं’ असं उत्तर येणारच. २०१४ साली दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानियाचा मारहाणीत जीव गेला, त्याची सुरुवात केसांवरून केलेल्या अशाच गमतीतून झाली होती. हे मोठ्यांना सांगा, मुलाला इतक्यात नको.

रंगपेटी: त्याआधी घरातलं ‘काळी-गोरी’ बघा. खडूच्या पेटीतला फिकट गुलाबी ‘स्किन कलर’ बाजूला ठेवा आणि पोस्टर कलर घ्या. दोन भाग पिवळा, एक भाग लाल, निळ्याचा टिपूस: तपकिरी तयार. घरातल्या प्रत्येकाच्या मनगटाशेजारी धरून जुळेपर्यंत पांढरा किंवा लाल वाढवत न्या. काळा मिसळू नका. रंग मळकट होतो, आणि सावळं म्हणजे मळकं असं मूल धरून बसतं. रंगवतानाच सांगा: कातडीत मेलॅनिन सगळ्यांच्याच असतं, कुणाच्यात कमी, कुणाच्यात जास्त, ते उन्हापासून राखतं.

(१९७५ पासूनच्या ‘फेअर अँड लव्हली’ क्रीमच्या नावातलं ‘फेअर’ २०२० मध्ये गेलं. बारशातलं ‘रंग कुणाचा घेतलाय?’ कधी जाणार कोण जाणे.)

खडकीकर: चिडवणं थांबलं तरी अर्धंच काम झालं. दुसरं कुणी चिडवत असेल तेव्हा काय करायचं, याची घरी तालीम घ्या. तुम्ही चिडवणारे व्हा, बाहुलीला थोइबा करा. मुलानं चिडवणाऱ्याशी भांडायचं नाही. थोइबाला नावानं हाक मारायची, ‘चल, आमच्यात खेळ’ म्हणायचं, मग मोठ्यांना सांगायचं. ‘बिचारा’ हा शब्द टाळा, कीव शिकवायची नाहीये. आणि ‘तू कुठला, काय खातोस’ अशी उलटतपासणी त्या पोराची नको.

वेरूळच्या सहलीत खुलताबादला मलिक अंबरची कबर दाखवा. इथिओपियातून गुलाम म्हणून आलेल्या या माणसानं निजामशाही सांभाळली, खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर वसवलं, शहराला नहरीनं पाणी आणलं. आफ्रिकी माणूस म्हटलं की मुलाला आधी तो आठवू दे.