मदत हवी आहे : नागपूरच्या उन्हाळ्यात क्राफ्ट बीअर शिळी लागते, खरेदी कशी करावी?

नमस्कार मंडळी,

गेली पाच-सहा वर्षे मी आवडीने, पण बेताने, क्राफ्ट बीअर (छोट्या कारखान्यांत थोड्या प्रमाणात बनणारी बीअर) पितो. घर नागपुरात धरमपेठेत आहे. कामानिमित्त पुण्याला वरचेवर जावे लागते आणि ही गोडी तिथलीच. देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी (जागेवरच बीअर बनवून विकणाऱ्या छोट्या कारखान्यांपैकी) एक असलेली डूलाली पुण्यात २००९ साली सुरू झाली. तिथे गव्हाच्या बीअरचा पहिला घोट घेतला आणि त्यात केळ्याचा व लवंगेचा वास आला, तेव्हा यात काहीतरी मिसळले असावे असा माझा समज झाला होता. तो वास यीस्टच तयार करते, हे नंतर कळले. आपल्याकडे खपाच्या बाबतीत अजूनही 'स्ट्राँग'चीच चलती असल्यामुळे नागपूरच्या बीअर शॉपीत निवड मर्यादित असते. तरीही अलीकडे दोन-चार प्रकारचे कॅन मिळू लागले आहेत आणि माझा प्रश्न त्यांच्याबद्दलच आहे.

मला बेल्जियन पद्धतीची विटबिअर विशेष आवडते. हिच्यात माल्ट न केलेला (म्हणजे मोड आणून न वाळवलेला) गहू, धने आणि संत्र्याची साल घालतात. (संत्र्याच्या गावात राहून संत्र्याच्या सालीचा वास बाहेरगावच्या डब्यातून विकत घ्यावा लागतो, याची गंमत वाटते.) जानेवारीत एका दुकानातून आणलेले चार कॅन उत्तम होते. मे महिन्याच्या अखेरीस, ऐन नवतप्यात, त्याच दुकानातून त्याच बीअरचे सहा कॅन आणले, तर सालीचा ताजा वास पार गेलेला, जिभेवर मधासारखा जड गोडवा, आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्याची आठवण करून देणारी चव. सहाही कॅन तसेच निघाले. ते तयार होऊन चारच महिने झाले होते आणि छापलेली मुदत संपायला अजून दोन महिने बाकी होते. दुकानदाराला विचारले तर त्याने डबा उलटा करून दाखवला आणि म्हणाला, "भाऊ, डेट तर आहे ना अजून." त्याचेही चूक नव्हते. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली : फ्रीजमधला माल संपत आला की मागच्या पत्र्याच्या खोलीतून खोकी आणून तो फ्रीज भरत होता.

माझा धाकटा भाऊ इंग्लंडमध्ये लीड्सला असतो आणि स्वयंपाकघरातच वीस-एक लिटरच्या पिंपात बीअर करतो. तिथे घरगुती बीअरसाठी परवान्याची अट १९६३ सालीच रद्द झाली आहे. त्याच्या बाटल्या सहा-सहा महिने छान टिकतात. त्याचे म्हणणे असे, की बाटली भरताना तो थोडी साखर घालतो, आत उरलेले जिवंत यीस्ट ती साखर खाऊन फेसासाठी वायू तयार करते आणि त्याच ओघात बाटलीत शिरलेला प्राणवायूही बराचसा संपवून टाकते. "तूही घरीच कर" हा त्याचा सल्ला मात्र येथे चालणारा नाही, कारण महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. म्हणून नम्र विनंती, की कृपया तो मार्ग सुचवू नये.

मला जाणून घ्यायचे आहे ते एवढेच : हा दोष खरोखर उष्णतेचा आहे, की दर वेळी नवे काही चाखण्याच्या नादात माझीच जीभ चिकित्सक झाली आहे? उष्णतेचा असेल, तर दुकानात उभे राहून, डबा न फोडता, तो ओळखावा कसा? आणि नागपूरच्या उन्हाळ्यात त्यातल्या त्यात कोणता प्रकार घेणे शहाणपणाचे ठरेल?

प्रतिसाद १

मी काही वर्षे वाळूजच्या एका बीअर कारखान्यात गुणवत्ता विभागात काम केले आहे, त्यावरून लिहितो.

आपली जीभ बरोबर आहे. ओल्या पुठ्ठ्याची चव हे प्राणवायूने बीअर शिळी झाल्याचे ठरलेले लक्षण आहे आणि उष्णतेने ती क्रिया झपाट्याने वाढते. आमच्याकडे एक ढोबळ हिशोब सांगत असत : बीअर ३२ अंशांवर तीन दिवसांत जितकी म्हातारी होते, तितकी २२ अंशांवर तीस दिवसांत आणि ३ अंशांवर तीनशे दिवसांत होते. हा नियम काटेकोर नाही, पण नागपूरच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात किती अंश असतील याचा विचार केलात, तर चार महिन्यांच्या तारखेला काय अर्थ उरतो हे आपल्या ध्यानात येईल. आपल्या भावाच्या बाटलीतले यीस्ट जे काम करते, ते करणारे गाळलेल्या आणि पाश्चराइझ केलेल्या कॅनमध्ये कोणीच नसते.

एक गैरसमज मात्र दूर करतो. थंड केलेली बीअर एकदा गरम झाली आणि पुन्हा थंड केली म्हणून ती बिघडत नाही. ती एकंदर किती काळ उष्णतेत राहिली याला महत्त्व आहे. त्यामुळे दुकानातून घरी नेण्याच्या अर्ध्या तासाची काळजी करू नका. काळजी करायची ती खोक्याच्या आधीच्या दोन महिन्यांची. उलट, तयार होऊन सहा आठवड्यांच्या आतला माल मिळत असेल तर तो फ्रीजबाहेरचा असला तरी मी घेईन, आणि चार महिन्यांचा माल बर्फासारखा गार असला तरी सोडून देईन.

बाटली घेणार असाल तर तपकिरी काचेची घ्या. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून उजेड आत जातो आणि हॉप्समधल्या (बीअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांमधल्या) कडू द्रव्यांपासून कुबट, उग्र वास तयार होतो. उन्हातल्या दर्शनी कपाटात मांडलेली हिरवी बाटली कोणत्याही किमतीला घेऊ नये. कॅनला हा धोका नाही. प्रकाराचे म्हणाल, तर ज्यांचा सारा जीव वासात असतो त्या आयपीए (हॉप्स भरपूर घातलेली कडवट बीअर) आणि आपली विटबिअर यांचे उन्हाळ्यात सर्वात लवकर नुकसान होते. भाजलेल्या माल्टचा स्टाउट (काळी बीअर) शिळा झाला तरी त्याचा शिळेपणा काही प्रमाणात झाकला जातो.

खात्री करायची असेल तर एकाच खोक्यातले ताजे कॅन घ्या, काही फ्रीजमध्ये आणि काही गच्चीवरच्या खोलीत दहा दिवस ठेवा. मग सगळे सारखे थंड करून तीन पेल्यांत ओता, दोन पेल्यांत एक आणि तिसऱ्यात दुसरी, आणि चाखणाऱ्याला वेगळा पेला ओळखायला सांगा. नुसत्या अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता तीनात एक असते, म्हणून एकाच माणसावर निष्कर्ष काढू नका.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. फक्त उन्हाळ्यात आयपीए टाळण्याचे नागपूरकरांसाठी आणखी एक कारण आहे, ते म्हणजे सावजी. हॉप्सचा कडवटपणा आणि जास्त अल्कोहोल या दोहोंनी तिखट अधिकच झोंबते. कमी कडवट गव्हाची बीअर रश्श्याबरोबर जमते, अर्थात ती ताजी असेल तर.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. उशिरा लिहितो, कारण दहा दिवस थांबावे लागले.

दुसऱ्या एका दुकानातून पाच आठवड्यांपूर्वी तयार झालेले कॅन मिळाले. अर्धे फ्रीजमध्ये आणि अर्धे गच्चीवरच्या खोलीत ठेवले. पेले ओतण्याचे काम सौ.कडे दिले होते, म्हणजे मलाही काही कळणार नाही. आम्ही पाच जण बसलो आणि चौघांनी वेगळा पेला अचूक ओळखला. न ओळखणारा पाचवा मीच होतो, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. मला गच्चीवरचाच पेला अधिक 'भरीव' वाटला, बहुधा त्या मधाळ गोडव्यामुळे. तेव्हा जिभेबद्दलचे आपले प्रशस्तिपत्र परत करावे लागेल.

जुन्या दुकानदाराशीही बोललो. त्याच्याकडे हा माल महिन्यातून एकदाच येतो आणि गाडी येण्याचा वार त्याने सांगितला आहे. त्या दिवशी खोके मागच्या खोलीत जाण्याआधीच सहा कॅन माझ्यासाठी बाजूला काढून फ्रीजमध्ये ठेवायला तो तयार झाला. फक्त ठोक विक्रेत्याच्या गोदामात माल किती दिवस पडून असतो, हे त्यालाही ठाऊक नाही. वाडी किंवा हिंगणा भागातल्या गोदामांची व्यवस्था कोणास माहीत असल्यास कृपया येथे लिहावे.