स्वाधार योजना: पुण्यात खोली भाड्याने, अर्ज कसा करायचा?

लातूरकर: धाकट्या बहिणीला इंजिनिअरिंगला पुण्यात प्रवेश मिळाला, सरकारी वसतिगृहाच्या यादीत नाव नाही. आम्ही अनुसूचित जातीतले. कोथरूडला तिघी मिळून फ्लॅट घेतायत. सरकारी वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणासाठी जी स्वाधारची मदत मिळते, तिचे किती मिळतात?

पेठकरी: पुणे, पिंपरी-चिंचवडसाठी वर्षाला ६०,००० : भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. इंजिनिअरिंगला शैक्षणिक साहित्याचे ५,००० वेगळे. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. कॉलेज ज्या शहरात, तिथलीच रहिवासी असेल तर मात्र मिळत नाही.

भाडेकरारात तिघींची नावं घाला. एकीच्याच नावावर केला की बाकीच्या दोघींकडे राहण्याचा पुरावाच उरत नाही.

विश्रांतवाडी: वरच्यात भर. पैसे आधारवरून जमा होतात, त्यामुळे पासबुक कुठलंही जोडा, रक्कम जाते ती आधार सीडिंग असलेल्या, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी (डीबीटी) आधारशी जोडलेल्या खात्यातच. खातं बंद पडलेलं असेल तर अडकली. बँकेत नुसतं ‘आधार लिंक आहे ना?’ विचारू नका, ‘डीबीटीसाठी सीडिंग आहे का?’ विचारा. हजेरी ७५ टक्के लागते. आणि डिपॉझिट या पैशांच्या भरवशावर ठरवू नका, हप्ते उशिरा येतात.

लातूरकर: करार अजून व्हायचाय, नावं घालून घेतो.