शब्दचर्चा : ‘विषारी जनुक’ की ‘उग्रता-जनुक’?

प्रश्न : ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूच्या रोगकारक वाणांविषयी मी मराठीत लेख लिहीत आहे. ‘व्हिरुलन्स जीन’ (जिवाणूच्या रोगाची तीव्रता वाढवणारे जनुक) या संज्ञेसाठी ‘विषारी जनुक’ हा शब्द योजला आहे. तो योग्य ठरेल का?

उत्तर : तो टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जनुक स्वतः विषारी नसते आणि या गटातील प्रत्येक जनुक विष तयार करण्याच्या कामी येते असेही नाही. अमेरिकेत 1982 साली हॅम्बर्गरमधून पसरलेल्या साथीमुळे ओ157:एच7 हा वाण प्रथम प्रकाशात आला. त्याच्याकडे शिगा या पेशींना मारणाऱ्या विषाची जनुके असतात, त्यांना ‘विषजनुके’ म्हणायला हरकत नाही. परंतु त्याच वाणातील ‘ईएई’ हे जनुक इंटिमिन नावाचे प्रथिन घडवते आणि त्याचे काम केवळ चिकटण्याचे आहे. जिवाणू आधी स्वतःचेच एक प्रथिन आतड्याच्या पेशीत सोडतो, ते पेशीच्या पटलात जाऊन बसते आणि मग इंटिमिन त्याला घट्ट धरते; त्या जागचे, पेशीच्या पृष्ठभागावरील केसांसारखे सूक्ष्म उंचवटे नाहीसे होतात आणि जिवाणूखाली पेशीचाच एक चौथरा उभा राहतो. या सगळ्यात विषाचा संबंध कुठेही येत नाही. म्हणून संपूर्ण गटासाठी ‘उग्रता-जनुके’ हाच शब्द मला रास्त वाटतो.

प्रतिसाद : ‘उग्र’ हे विशेषण आपण वासाला किंवा स्वभावाला लावतो. त्याऐवजी ‘रोगकारकता-जनुक’ अधिक सुबोध होणार नाही का?

उत्तर : ‘साथीने उग्र रूप धारण केले’ हा प्रयोग वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे, त्यामुळे ती अडचण येऊ नये. रोगकारकता म्हणजे रोग निर्माण करण्याची क्षमता, तर उग्रता म्हणजे तिची तीव्रता, आणि हा भेद जपणे अगत्याचे आहे. जर्मनीत 2011 साली मेथीच्या मोडांमधून पसरलेल्या ओ104:एच4 या वाणाकडे इंटिमिनचे जनुक नव्हते. मुळात तो आतड्याला पुंजक्यांनी चिकटून जुलाब घडवणाऱ्या गटातला, म्हणजे रोगकारक होताच. त्यात शिगा विषाच्या जनुकाची भर पडली आणि 3,800हून अधिक लोक आजारी पडले, 800हून अधिक जणांच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली आणि 50हून अधिक दगावले. इथे वाढली ती उग्रता.

आणखी एक सूचना करतो. हे विषजनुक जिवाणूत येते ते जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूमार्फत. मात्र ‘विषाणूने आणलेले विषजनुक’ असे लिहिल्यास ‘विषाणू’ या शब्दातील ‘विष’ वाचकाची दिशाभूल करते आणि विष त्या विषाणूचेच असावे असे वाटू लागते. अशा ठिकाणी ‘जिवाणुभक्षी’ किंवा सरळ ‘फाज’ लिहावे. ‘स्ट्रेन’साठी आपण वापरलेला ‘वाण’ मात्र कायम ठेवावा. बियाण्यांच्या वाणांमुळे तो शब्द घरोघरी ठाऊक आहे आणि एकाच जातीतील भिन्न गुणांचे वंश हा त्याचा अर्थ येथे चपखल बसतो.