शरीर कमवायचं की नुसतं फिट राहायचं? आठवड्याला चारच तास आहेत

मधलीसुट्टी:
वय 36, उंची 172 सेंमी, वजन 78 किलो, बेंबीच्या रेषेत पोटाचा घेर 94 सेंमी. दिवसभर बैठं काम. आजार काही नाही, बीपी 128/84. आठवड्यात जास्तीत जास्त चार तास निघतात, त्याहून अधिक नाही.

जिममध्ये सहा दिवसांचं वेळापत्रक मिळालंय: आज छाती, उद्या पाठ, परवा खांदे, असं. पळणारे लोक म्हणतात, हे सगळं आरशासाठी, हृदयाला त्याचा उपयोग शून्य. वजनं मारणारे म्हणतात, नुसतं पळून माणूस सुकतो. स्पर्धेत उतरायचं नाही. साठीतही जिने चढता यावेत आणि अंगावर थोडं मांस दिसावं, एवढंच हवंय. यातला कुठला रस्ता धरावा? प्रथिनं, क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पूड) वगैरे लागतं का, तेही सांगा.

लोखंडी_सळई:
आधी ते सहा दिवसांचं वेळापत्रक बाजूला ठेवा. एक स्नायू आठवड्यात एकदाच आणि त्या दिवशी पंधरा-वीस सेट, ही पद्धत मुरलेल्या लोकांना चालते. नवशिक्याचे त्या दिवसाचे पहिले सहा-सात सेट कामाचे होतात. बाकीच्या सेटनी फक्त अंग दुखतं, आणि एक दिवस बुडाला की तो स्नायू दोन आठवडे उपाशी राहतो.

पण शरीरसौष्ठवाला नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. स्पर्धेचा मंच वगळला तर त्यात उरतं काय? स्नायूवर ताण द्यायचा, तो हळूहळू वाढवायचा, पोटभर प्रथिनं खायची आणि झोपायचं. तिशीनंतर व्यायाम नसेल तर दर दशकात 3 ते 8 टक्के स्नायू झिजतो. साठीत जिने चढायचे असतील तर मांड्यांचं भांडवल आतापासूनच साठवावं लागेल.

आठवड्यात दोन दिवस, दर वेळी पूर्ण शरीर. सहा व्यायाम, प्रत्येकी 3 सेट, सेटमध्ये सलग 8 ते 12 रेप्स (म्हणजे तीच हालचाल तितक्या वेळा): स्क्वॉट (खांद्यांवर बार, म्हणजे वजनाचा दांडा, घेऊन बैठका), बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलणं), बसून केबल रोइंग (तारेची मूठ पोटाकडे ओढणं), रोमेनियन डेडलिफ्ट (बार हातात धरून कंबरेतून पुढे वाकणं आणि उठणं), डंबेल शोल्डर प्रेस (डंबेल खांद्यापासून डोक्यावर ढकलणं), लॅट पुलडाउन (वरची दांडी छातीकडे खेचणं). मधली विश्रांती 2 मिनिटं. सगळं 55 मिनिटांत उरकतं. 'अजून दोन निघाले असते' असं वाटेल तिथे सेट थांबवा. तिन्ही सेटमध्ये 12 रेप्स निघाले की पुढच्या वेळी बारवर एकूण 2.5 किलो वाढवा. मग रेप्स थोडे कमी होतील, तिथून पुन्हा 12 पर्यंत चढायचं. बस, एवढंच गणित.

बिघडतं कुठे ते सांगतो. स्क्वॉटमध्ये खाली जाताना टाच उचलली जाते, कारण घोटा पुढे वाकत नाही. टाचेखाली 2.5 किलोच्या प्लेट सरकवा किंवा छातीशी डंबेल धरून गॉब्लेट स्क्वॉट करा, बारची घाई नको. बेंचवर कोपरं खांद्याच्या सरळ रेषेत फाकली की खांद्याचा पुढचा भाग दुखायला लागतो, म्हणून ती अंगापासून साधारण 45 ते 60 अंशांत ठेवा. अंगठा बारभोवती गुंडाळलेलाच हवा, तो मोकळा ठेवून बार धरला की तळव्यातून निसटून थेट छातीवर येतो. एकटेच बेंच मारत असाल आणि बाजूला सेफ्टी रॅक (सुटलेला बार अडवणारे दांडे) नसेल तर बारच्या टोकांना क्लिप लावू नका. अडकलात तर बार एका बाजूला कलवून प्लेट खाली सोडता येतात. रोमेनियन डेडलिफ्टमध्ये बार मांडीला घासतच खाली गेला पाहिजे. दोन बोटं जरी पुढे गेला तरी सगळा भार कंबरेवर येतो. आणि हा व्यायाम जमिनीपर्यंत न्यायचा नसतो. मांडीचा मागचा भाग ताणला गेला, साधारण नडगीच्या मध्यावर बार पोहोचला, की परत वर.

दमसास:
सळईंचा आराखडा उत्तम, पण हे उत्तर अर्धंच आहे. 18 सेट मारताना नाडी वर जाते, त्यालाच लोक 'कार्डिओ झालं' (हृदयाचा व्यायाम झाला) म्हणतात. नाडी वाढणं आणि हृदयाची क्षमता वाढणं एकच नाही. जड वजन उचलताना आवळलेल्या स्नायूंमुळे दाब वाढतो आणि हृदयाला त्या दाबाविरुद्ध थोडा वेळ जोर लावावा लागतो. सलग चालण्या-पळण्यात परत येणारं रक्त वाढतं आणि प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त बाहेर टाकायची सवय हृदयाला लागते. दोन्ही हवं, आणि एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांतही दोन्ही सांगितलंय: आठवड्यात 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रम किंवा 75 ते 150 मिनिटं जोरदार श्रम, शिवाय किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंचे व्यायाम. म्हणजे 'हे की ते' हा वाद जिमच्या दारातला आहे, शरीराला त्याच्याशी देणंघेणं नाही.

तुमच्या चार तासांतून सळईंचे 110 मिनिटं वजा केले तर 130 उरतात. त्याचे तीन भाग करा. दोन वेळा 45 मिनिटं मध्यम गतीने: पूर्ण वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, ती गती. एकदा 40 मिनिटं इंटरव्हल. 10 मिनिटं अंग गरम करा, मग 4 मिनिटं जोरात आणि 3 मिनिटं हळू, असे चार फेरे (शेवटच्या जोराच्या फेरीनंतर थेट गार व्हायला 5 मिनिटं). जोराच्या फेरीत नाडी कमाल ठोक्यांच्या 85 ते 95 टक्के हवी. कमाल ठोके म्हणजे अंदाजे 208 वजा वयाच्या 0.7 पट. तुमचे 183 येतात, म्हणजे 155 ते 174 ची पट्टी. हे सूत्र माणसागणिक दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं, त्यामुळे घड्याळापेक्षा दमावर विश्वास ठेवा: एकावेळी दोन-तीन शब्दच बोलता यावेत. आणखी एक, पहिल्या मिनिटात नाडी मागेच राहते. आकडा दिसावा म्हणून तेव्हाच जीव तोडून पळालात तर तिसऱ्या मिनिटाला थांबाल.

पहिले दोन महिने इंटरव्हल सोडून द्या, तिन्ही वेळा मध्यमच. आणि लगेच पळू नका. बैठ्या शरीराचं हृदय सहा आठवड्यांत तयार होतं, पण नडगीचं हाड आणि टाचेची शीर त्या वेगाने तयार होत नाहीत. म्हणूनच नडगी दुखते. ट्रेडमिलवर 6 ते 10 टक्के चढ ठेवून ताशी 5 किमीने चाला, दम तेवढाच लागतो. पुढची दांडी मात्र धरायची नाही. तिला लटकून चाललात की शरीराचा भार हातांवर जातो, चढाचा फायदा संपतो आणि पडद्यावरच्या कॅलरी नुसत्या शोभेच्या उरतात.

मधलीसुट्टी:
दोघांचेही आभार. एक शंका: कार्डिओ केल्याने स्नायू वाढत नाहीत असं सगळेच म्हणतात. आणि एकाच दिवशी दोन्ही करायचं झालं तर आधी काय?

लोखंडी_सळई:
त्या भीतीला आधार आहे, पण तो तुमच्यासाठी नाही. रॉबर्ट हिक्सन यांच्या 1980 च्या प्रयोगात आठवड्यात पाच दिवस जड वजनं आणि सहा दिवस सायकल-पळणं एकत्र केलेल्या गटाची ताकद सात-आठ आठवडे व्यवस्थित वाढली, नंतर घसरू लागली. तो मारा आणि तुमचे चार तास, तुलनाच नाही. दोन तासांच्या कार्डिओने दंड वितळत नाहीत.

एकाच दिवशी असेल तर आधी वजनं, मग कार्डिओ. थकल्या पायांनी स्क्वॉट केला की फॉर्म मोडतो. थकून चाललात तर फार तर हळू चालाल. मध्ये सहा तासांचं अंतर ठेवता आलं तर फारच छान. पायांच्या व्यायामानंतर पळण्यापेक्षा सायकल बरी, तिच्यात आपटणं नाही.

दमसास यांच्याशी एकाच बाबतीत मतभेद. वेळ कमी पडला तर लोक पहिल्यांदा वजनांचा दिवस गाळतात. गाळायचाच तर मध्यम गतीचा एक दिवस गाळा. चालणं दिवसभरात सुटं सुटंही भरून काढता येतं, स्क्वॉट नाही.

दमसास:
मान्य. इंटरव्हलचा दिवस मात्र गाळायचा नाही.

काटेकोर:
व्यायामाचं ठरलं, आता आकड्यांचं बघू. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 26.4 येतो, पण तो सोडा. त्याला स्नायू आणि चरबी यातला फरक कळत नाही. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, म्हणजे तुमच्यासाठी 86 सेंमीच्या आत. तुम्ही 94 वर आहात. 'आधी बल्किंग करा, मग कटिंग' (आधी जास्त खाऊन वजन वाढवा, मग चरबी उतरवा) असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पोटावर आधीच साठा आहे आणि तुम्ही नवखे आहात, त्यामुळे रोज 300-400 कॅलरी कमी खाऊनही स्नायू वाढू शकतो. वजन आठवड्याला 300 ते 400 ग्रॅमने उतरावं. याहून वेगाने उतरवलंत तर चरबीबरोबर स्नायूही जाईल.

प्रथिनं किलोमागे 1.6 ग्रॅम धरा, म्हणजे 125 ग्रॅम. एका अंड्यात 6, पाव लिटर दुधात 8, शिजवलेल्या घट्ट डाळीच्या 100 ग्रॅममध्ये 7 ते 9. चार वेळा 30-30 ग्रॅमची बेरीज जमली तर पावडर लागत नाही. नाही जमली तर व्हे पावडर म्हणजे दुधातलंच प्रथिन, औषध नव्हे. क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज 3 ते 5 ग्रॅम, कुठल्याही वेळी. पहिल्या आठवड्यातला 20 ग्रॅमचा मारा अनावश्यक आहे. सुरुवातीला वजन किलोभर वाढलं तर ते स्नायूतलं पाणी, घाबरू नका. बाकी डब्यांवर पैसे घालवायची गरज नाही.

रक्त तपासताना लोक हमखास फसतात. जड व्यायामानंतर एएसटी आणि एएलटी (लिव्हरच्या तपासणीत मोजतात ती एन्झाइम्स) वाढलेले दिसतात, कारण ते स्नायूंतूनही येतात. रिपोर्ट बघून 'प्रथिनांनी लिव्हर खराब झालं' असा गोंधळ उडतो. तपासणीआधी आठवडाभर जड वजनं बंद ठेवा. तरीही आकडे वाढलेले असतील तर डॉक्टर जीजीटी (लिव्हरकडचं एन्झाइम) आणि सीके (स्नायूतलं एन्झाइम) बघून उगम ठरवतात: सीके वाढलेला आणि जीजीटी नॉर्मल असेल तर रोख स्नायूकडे असतो. तसंच क्रिएटिनिनचं, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीत मोजतात त्या घटकाचं. स्नायू जास्त असले किंवा क्रिएटिन चालू असलं तर तो थोडा वर असतो आणि त्यावरून काढलेली मूत्रपिंडाची क्षमता खरीपेक्षा कमी दिसते. क्रिएटिन चालू आहे हे डॉक्टरांना आधीच सांगा. शंका राहिली तर सिस्टॅटिन सी ही मूत्रपिंडाची दुसरी रक्ततपासणी आहे.

128/84 हा बीपी वरच्या काठाशी आहे. श्वास कोंडून जोर लावला की दाब त्या क्षणी प्रचंड उसळतो. म्हणून उचलताना श्वास सोडायचा, आणि अगदी शेवटच्या रेपपर्यंत झुंजायचं नाही. महिन्यातून एकदा, पाच मिनिटं शांत बसून, व्यायामाच्या आधी मोजा. 140/90 च्या वर सतत राहिला तर आधी डॉक्टर.

पहिल्याच आठवड्यात उत्साहाने दुप्पट सेट मारले आणि दोन दिवसांनी स्नायू टणक सुजले, लघवी गडद तपकिरी झाली, तर ते साधं अंग दुखणं नाही. स्नायू फुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात अडकतंय. पाणी पिऊन वाट बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता मंचाबद्दल, कारण सळईंनी तो अलगद वगळला. स्पर्धेच्या दिवशी पुरुषांची चरबी 5 टक्क्यांच्या आसपास आणतात. त्या पातळीला टेस्टोस्टेरॉन कोसळतं, झोप उडते, चिडचिड होते. स्त्रियांची पाळी थांबते. ते शरीर काही दिवसांपुरतं असतं आणि फोटो मात्र वर्षभर फिरतो. त्यात शेवटच्या दिवसांत पाणी तोडणं आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आल्या की पोटॅशियमचं गणित बिघडून हृदयाचा ताल चुकू शकतो. शरीरसौष्ठवपटू मोहम्मद बेनाझिझा 1992 मध्ये स्पर्धेनंतर काही तासांतच गेले. स्टेरॉइडचा हिशेब वेगळा: चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, रक्त दाट होतं, हृदयाचा डावा कप्पा जाड होतो, शुक्राणू बनणं खुंटतं आणि बंद केल्यावर शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन परतायला महिने लागतात. 'एकच छोटी सायकल' (काही आठवड्यांचा स्टेरॉइडचा कोर्स) असं कुणी म्हणालं तर तिथेच नमस्कार करा.

मधलीसुट्टी:
दोन-तीन आठवडे कामामुळे जिम पूर्ण सुटली तर पुन्हा पहिल्यापासून?

लोखंडी_सळई:
नाही. दोन आठवड्यांत ताकद फारशी जात नाही, अंग फक्त 'रिकामं' वाटतं कारण स्नायूतलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) आणि पाणी कमी होतं. परतल्यावर पहिल्या आठवड्यात आधीच्या 80 टक्के वजन, तीनऐवजी दोन सेट. दुसऱ्या आठवड्यात पूर्ववत.

दमसास:
दम मात्र आधी उतरतो, दोन आठवड्यांतच जाणवतो. कितीही धावपळ असली तरी जिन्यावर तीन-चार मिनिटांचे दोन-तीन जोरदार फेरे मारता आले तर मारा.

लोखंडी_सळई:
आणि वजनं वहीत लिहा. लांब बार स्वतः 20 किलोचा असतो, तो धरूनच लिहायचं. स्मिथ मशीनचा (रुळांवर सरकणारा) बार बहुतेक वेळा हलका असतो आणि मशीनगणिक वेगळा, त्यामुळे तिथले आकडे वेगळ्या पानावर.