मदत हवी आहे: बाबांचं हार्मोन दाबणारं इंजेक्शन, आणि तेच औषध सात वर्षांच्या भाचीलाही?

बाबांचं वय ७४. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यापर्यंत पोचलाय. पुढच्या आठवड्यात ल्युप्रोलाइडचं पहिलं इंजेक्शन आहे, नंतर दर तीन महिन्यांनी एक. बायकॅल्युटामाइडची गोळी आत्ताच सुरू केली आहे.

औषधाचं माहितीपत्रक वाचून मी पार गोंधळून गेले. ल्युप्रोलाइड सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन वाढवतं म्हणे! ज्या हार्मोनवर हा कॅन्सर पोसतो तेच वाढवायचं? मग उपयोग काय?

दुसरं असं, की माझ्या मावसबहिणीची मुलगी फार लवकर वयात येऊ लागलीय आणि तिलाही हेच औषध सांगितलंय. "कॅन्सरचं इंजेक्शन माझ्या पोरीला कशाला?" म्हणून बहीण रात्रभर रडत होती. कुणी नीट समजावून सांगेल का?

प्रतिसाद १

ताई, तुमची शंका अगदी रास्त आहे. मेंदूतला हायपोथॅलॅमस जीएनआरएच नावाचं हार्मोन सतत सोडत नाही. साधारण तास-दोन तासांच्या अंतराने थोडं थोडं सोडतो. त्या ठोक्यांवर मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन्स बनवते, आणि त्यांच्या सांगण्यावरून वृषणं टेस्टोस्टेरॉन किंवा अंडाशय इस्ट्रोजेन तयार करतात. ल्युप्रोलाइड हे जीएनआरएचचंच जास्त टिकणारं रूप. ते अंगात अखंड राहतं. पिट्युटरी आधी जोरात प्रतिसाद देते, मग तिचे रिसेप्टर (हार्मोनचा संदेश झेलणाऱ्या पेशींवरच्या जागा) कमी होतात आणि ती दाद देईनाशी होते. १९७८ साली अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने माकडांवर हेच दाखवलं: जीएनआरएच अखंड दिलं की एलएच-एफएसएच खाली, तासातासाने दिलं की पुन्हा वर.

म्हणून पहिला आठवडा-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन चढतं आणि तीन-चार आठवड्यांत अगदी तळाला जातं. मधल्या काळासाठीच ती बायकॅल्युटामाइडची गोळी आहे. ती टेस्टोस्टेरॉन कमी करत नाही, पेशींवरची त्याची जागा अडवून धरते. मनाने बंद करू नका. आणि बाबांच्या मणक्यात आजार आहे, त्यामुळे हे नीट लक्षात ठेवा: पाय अचानक लुळे वाटले, बधिर झाले किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या. डेगारेलिक्स हे औषध पिट्युटरीचे रिसेप्टर पहिल्यापासूनच अडवतं, त्यात हा चढ येत नाही. बाबांसाठी ते योग्य ठरेल का, हे इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांना जरूर विचारा.

प्रतिसाद २

भाचीबद्दल लिहिते. बहिणीला सांगा, हे औषध केमोथेरपी नाही. पेशी मारणं हे त्याचं काम नाही, ते पिट्युटरीला गप्प बसवतं. मुलींमध्ये आठ वर्षांच्या आधी वयात येण्याची लक्षणं दिसली की तपासणी करतात. हार्मोन लवकर वाढले की मूल आधी भराभर उंच होतं, पण हाडांची टोकंही लवकर जुळतात आणि पुढे उंची खुंटते. औषधाने ते लांबवता येतं. योग्य वयात इंजेक्शन थांबवलं की पाळीचं चक्र आपोआप मार्गी लागतं. एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) आणि आयव्हीएफमध्येही (टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार) याच गटातली औषधं वापरतात.

बाबांच्या बाबतीत मला हाडांची जास्त काळजी वाटते. टेस्टोस्टेरॉन गेलं की हाडं विरळ होतात, स्नायू घटतात, वजन आणि साखर वाढू शकते. अंगातून गरम वाफा येतील, थकवा येईल, चिडचिडही होईल. घरच्यांनी ती मनाला लावून घेऊ नये. डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी), कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी यांबद्दल विचारा. मणक्याची स्थिती बघून कोणता व्यायाम चालेल, तेही डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. बहिणीला हे वाचून दाखवलं, आता ती बरीच सावरलीय. अजून एक विचारायचं होतं: बाबांना मधुमेह आहे. पीएसएसोबत (प्रोस्टेटची रक्ततपासणी) टेस्टोस्टेरॉन आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) किती दिवसांनी तपासायला सांगतात?