‘साठ दिवसांत आरोपी हजर’ याचं एवढं कौतुक कशाला?

म्युनिककर मीरा
काल इथे एकांनी लिहिलं, ‘युरोपात वॉरंट निघालं की साठ दिवसांत आरोपी दुसऱ्या देशाच्या ताब्यात, आपल्याकडे नुसत्या तारखा.’ वाचून राहवलं नाही. 2004 पासून युरोपीय अटक वॉरंट आलं, म्हणजे युरोपीय संघातल्या एका देशाच्या न्यायालयाचं वॉरंट दुसऱ्या देशाच्या न्यायालयाने थेट अमलात आणायचं; मंत्र्याच्या सहीची गरज संपली, हे चांगलंच झालं. पण 32 प्रकारच्या गुन्ह्यांत ‘आमच्या कायद्यात हा गुन्हा आहे का’ हे विचारणंही बंद झालं, आणि पुरावा तर तपासायचाच नाही. एका ब्रिटिश विद्यार्थ्याला 2009 मध्ये ग्रीसला धाडलं. जवळजवळ वर्षभर तुरुंगात काढलं त्याने, 2011 मध्ये निर्दोष सुटला. ते वर्ष कोण भरून देणार? माझ्या पोलिश शेजारणीला जुन्या, किरकोळ कर्जाच्या प्रकरणात विमानतळावर मुलांदेखत पकडलं. धाकटा अजून पोलीस दिसला की आईचा हात सोडत नाही.

वकील काका
मीराताई, आधीचे दिवस विसरलात. 1995 च्या पॅरिस स्फोटांतला आरोपी जुन्या पद्धतीत लंडनच्या तुरुंगातून दहा वर्षं अपिलं करत राहिला, फ्रान्सला मिळाला डिसेंबर 2005 मध्ये. उलट 21 जुलै 2005 च्या लंडनमधल्या फसलेल्या हल्ल्यातला एकजण रोमला पळाला, तो नव्या वॉरंटवर सप्टेंबरात परत लंडनला. फरक दिसतोय ना?

म्युनिककर मीरा
दिसतोय. पण हंगेरी-रोमानियाच्या तुरुंगांत माणसाला माणसासारखं ठेवतील का, हे जर्मनीतल्या ब्रेमेनच्या न्यायाधीशांना लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाला विचारावं लागलं. खरा धोका असेल तर थांबा, हे उत्तर आलं 2016 मध्ये. तोवर बारा वर्षं गेली होती!

गिरगावकर
आरोपींच्या खोल्यांची एवढी काळजी! 12 मार्च 1993 ला माझे काका एअर इंडिया बिल्डिंगपाशी होते. घरी आलेच नाहीत. त्या दिवशी 257 माणसं गेली. अबू सालेमला पोर्तुगालने 2005 मध्ये दिलं ते कशावर? फाशी नाही, पंचवीस वर्षांहून जास्त कैद नाही. आमच्या काकूला कुणी हमी दिली?

वकील काका
काकांचं ऐकून वाईट वाटलं. पण हमी नसती तर तो आलाच नसता. सर्वोच्च न्यायालयानेही 2022 मध्ये सांगितलं, दिलेला शब्द सरकारला पाळावा लागेल.

गिरगावकर
तुमच्या घरचं कुणी गेलं असतं तर ही भाषा केली नसती.

ठाण्याची स्नेहा
दादा, असं बोलू नका. मी आर्थर रोडला अशिलांना भेटायला जाते. मल्ल्याच्या वेळी लंडनच्या कोर्टाला बराक क्रमांक 12 चा व्हिडिओ दाखवला, चोक्सीसाठी बेल्जियमलाही त्याच बराकीची हमी. बाकीच्या बराकींत माणसं कूस बदलायलाही जागा नसताना झोपतात, त्यांतले कित्येक अजून दोषीही ठरलेले नाहीत. परदेशी न्यायाधीशाने विचारलं म्हणून एक बराक सुधारली. सगळ्यांसाठी कोण विचारणार?

गिरगावकर
कच्च्या कैद्यांचं पटतं. सालेमचं नाही पटणार, कधीच नाही.

वकील काका
मूळ मुद्द्यावर येतो. पोलंडचं मान्य, फुटकळ चोऱ्यांसाठीही वॉरंटं काढायचे, 2015 मध्ये त्यांना स्वतःचाच कायदा बदलावा लागला. पण मीराताई, साठ दिवसांची मुदत काढायला माझा विरोधच राहील.

म्युनिककर मीरा
मुदत काढा असं मी कुठे म्हटलं? परत वाचा, काका. त्या साठ दिवसांत न्यायाधीशाने फाईल उघडून बघावी, एवढंच मागतेय.