अनुभव धागा: इंग्रजी शब्दाचं मूळ कळलं तेव्हा...

इंग्रजी शब्दाचा अर्थ पाठ केला तरी विसरतो, पण त्याचं कूळ कळलं की तो डोक्यातून जात नाही. तुमचा असा शब्द कोणता?

माझा 'मॉन्गूस'. शाळेत वाटायचं, मुंगसाला इंग्रजीत नाव सुचलं नाही म्हणून बाई तोंडाला येईल ते सांगतायत! पुढे कोशात पाहिलं, तर शब्द मराठीतूनच तिकडे गेलेला. हंसाच्या 'गूस'शी नातं नाही, म्हणून अनेकवचन 'मॉन्गूसेस'.

बेटकुळी
'मसल' म्हणजे लॅटिनमध्ये छोटा उंदीर. त्यांना दंडात उंदीर दिसला, आपल्याला बेडकी. जिममध्ये सांगितलं, कुणीही हसलं नाही.

निवृत्त आरोग्यसेविका
'व्हॅक्सीन'मधला 'व्हॅका' म्हणजे गाय. 1796 साली जेन्नर या इंग्रज डॉक्टरने गोस्तनदेवीच्या (गाईंना येणाऱ्या देवीच्या) फोडातली लस एका मुलाला टोचली, तिथून हे नाव आलं. आपल्या 'लस' शब्दाचा जुना अर्थही फोडातला तो द्रवच. हिंदुस्थानातली पहिली लस 1802 मध्ये मुंबईत तीन वर्षांच्या मुलीला टोचली. आमची आजी मात्र शेवटपर्यंत 'देवी काढल्या का?' असंच विचारायची.

वकीलकाका
माझा 'बॉयकॉट'. हे चक्क आडनाव आहे! 1880 साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट एका जमीनदाराचा कारभारी होता. खंड कमी करा म्हणणाऱ्या कुळांना तो हुसकायला निघाला, तेव्हा गावाने त्याच्याशी व्यवहारच तोडले. गडी येईनात, दुकानदार माल देईनात, टपालही पोचेना. शेवटी पीक काढायला बाहेरून पन्नास मजूर आणि त्यांच्या राखणीला फौज आणावी लागली. पीक सुमारे पाचशे पौंडांचं, खर्च म्हणे दहा हजार! 1905 च्या वंगभंगानंतर टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार आला, तोवर हे आडनाव इंग्रजीत रुळलं होतं.

ही झाली दुबळ्यांनी बलवानावर उगारलेली काठी. आपल्याकडचं वाळीत टाकणं बहुधा उलट्या दिशेचं, जातपंचायतीने एखाद्या कुटुंबावर उगारलेलं. त्याविरुद्ध महाराष्ट्राने 2016 साली स्वतंत्र कायदा केला. इंग्रजीत दोन्हींना शब्द एकच, त्यामुळे मसुदा वाचताना मी दरवेळी अडखळतो.

शंकासुर
रंगात भंग करतो. 'न्यूज' म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साऊथ ही व्हॉट्सॲपवरची व्युत्पत्ती कृपया इथे आणू नका. 'न्यू'चं अनेकवचन आहे ते. नव्या गोष्टी, बस्स.